पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉल सुरू झालं आणि स्क्रीन काळी पडली... जुन्या लॅपटॉपचं फर्मवेअर नेमकं कुठे अडवतं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरगुती वापरासाठी वर्षभराची जादा मुदत मिळण्याची सोय ठेवलीय, पण ती तात्पुरती. आणि विंडोज ११ ला काय लागतं? टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप एका फटक्यात अधिकृतपणे बाद.

आता गंमत अशी की लॅपटॉप तर चालतोय. कीबोर्ड धड आहे, रॅम वाढवून ८ जीबी केलीय, हार्डडिस्क काढून एसएसडी टाकलीय. तो भंगारात कशाला द्यायचा? मग माणूस यूट्यूबवर व्हिडिओ बघतो, पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घेतो, लॅपटॉप रिस्टार्ट करतो. मेनू येतो. एंटर दाबतो. आणि स्क्रीन काळी. नाहीतर निळी. नाहीतर कंपनीच्या लोगोखाली ते गोल चक्र, तासभर.

यानंतर साधारण दोन निकाल लागतात. एक, "लिनक्स आपल्या कामाचं नाही." दोन, दुकानदार सांगतो, "मदरबोर्ड गेलाय, यात पैसे घालण्यापेक्षा नवा घ्या." दोन्ही निकाल बऱ्याचदा घाईत लागलेले असतात. कारण ऑपरेटिंग सिस्टीम आणि हार्डवेअर यांच्या मध्ये एक तिसरा गडी बसलेला असतो आणि चौकशी त्याची कुणी करत नाही. त्याचं नाव फर्मवेअर. आपल्याकडे सगळे त्याला बायोस म्हणतात.

हा फर्मवेअर करतो तरी काय?

मंगल कार्यालय डोळ्यासमोर आणा. लग्नाच्या दिवशी पहाटे चारला कुलूप उघडतो तो तिथला व्यवस्थापक. तो मेन स्विच चालू करतो, पाण्याची मोटर लावतो, सिलिंडर भरलेत का बघतो. मग आचारी त्याची माणसं घेऊन येतो. व्यवस्थापक त्याच्या हातात यादी ठेवतो : पातेली इतकी, शेगड्या इतक्या, पाण्याचा नळ मागच्या बाजूला, जनरेटरची चावी अमुक ठिकाणी. पुढे दिवसभर राज्य आचाऱ्याचं.

फर्मवेअर म्हणजे हाच व्यवस्थापक. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये तो राहतो. पॉवरचं बटण दाबलं की सगळ्यात आधी त्याचा प्रोग्राम चालतो. तो रॅम तपासतो, कीबोर्ड आणि डिस्क जागे करतो, डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर बूटलोडर शोधतो आणि कारभार त्याच्या हाती सोपवतो. सोबत यादीही देतो. ही यादी चुकीची असेल तर आचारी कितीही नावाजलेला असू दे, पहिल्याच अर्ध्या तासात गोंधळ उडणार.

पीसीवरचा बायोस १९८१ च्या आयबीएम पीसीच्या काळातला. त्याची जागा पुढे यूईएफआय या नव्या पद्धतीने घेतली. इंटेलने आधी स्वतःपुरती बनवलेली ही पद्धत २००५ पासून अनेक कंपन्यांच्या मिळून असलेल्या यूईएफआय फोरमकडे गेली. सामान्य घरात ती पोहोचली मात्र २०१२ च्या आसपास, विंडोज ८ बरोबर. कारण विंडोज ८ चं प्रमाणपत्र हवं असेल तर नव्या मशीनमध्ये यूईएफआय आणि सिक्युअर बूट द्या, असं मायक्रोसॉफ्टने कंपन्यांना सांगितलं.

इथेच आपल्या आजच्या विषयाचं मूळ आहे. २०११ ते २०१४ या काळातल्या लॅपटॉपमध्ये कंपन्यांचे यूईएफआयचे पहिलेवहिले प्रयोग आहेत. त्यातच जुन्या बायोसची नक्कल करणारा सीएसएम नावाचा भागही जोडलेला. म्हणजे एकाच कार्यालयात दोन व्यवस्थापक, दोघांच्या याद्या वेगळ्या. आणि नेमके हेच लॅपटॉप आज लोक पुन्हा वापरात आणायला बघतायत.

लिनक्स खोटं का बोलतं?

या यादीचं अधिकृत नाव एसीपीआय. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये ही पद्धत जाहीर केली. बॅटरी किती उरली, झाकण बंद केलं की काय करायचं, पंखा कधी वाढवायचा, झोपेतून मशीन कसं उठवायचं, हे सगळं या यादीत असतं. पण ही यादी साधी नाही. तिच्यात छोटे छोटे प्रोग्रामच लिहिलेले असतात आणि ऑपरेटिंग सिस्टीम ते चालवते. लॅपटॉप कंपनीने लिहिलेला कोड, चालतो मात्र विंडोज किंवा लिनक्सच्या पोटात. त्यात चूक असली की क्रॅश होते ती ऑपरेटिंग सिस्टीम आणि शिव्याही तिलाच बसतात.

मग चुका राहतात कशा? कारण लॅपटॉप बनवणारी कंपनी तो तपासते त्या वर्षीच्या विंडोजवर. विंडोज नीट चालू झालं की माल बाजारात. विंडोज ज्या चुका पोटात घालतं त्या कुणाला दिसतच नाहीत. शिवाय असा कोड तयार करायची इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांची वेगवेगळी साधनं होती आणि इंटेलचं साधन जिथे चूक म्हणून अडवतं तिथे मायक्रोसॉफ्टचं बऱ्याचदा जाऊ देतं, हा लिनक्सवाल्यांचा जुना अनुभव.

पुढची गोष्ट तर भारीच आहे. फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टीमला विचारू शकतं, "तू विंडोज व्हिस्टा आहेस का? विंडोज ७ आहेस का?" उत्तराप्रमाणे ते यादीतला वेगळा भाग पुढे करतं. आता लिनक्सने प्रामाणिकपणे "मी लिनक्स" म्हटलं तर फर्मवेअर त्याला अशा वाटेवर पाठवणार जिथे कंपनीतलं कुणी कधी फिरकलेलंच नाही. म्हणून लिनक्सचा कर्नल अनेक वर्षांपासून सरळ खोटं बोलतो. "विंडोज आहेस का?" या प्रश्नाला तो हो म्हणतो आणि "लिनक्स आहेस का?" असं विचारलं तर नाही! हे काही लपवलेलं गुपित नाही, कर्नलच्या कागदपत्रांत कारणासकट लिहून ठेवलंय.

विंडोजही यातून सुटत नाही. निळ्या स्क्रीनवर कधी एसीपीआय बायोस एरर असं लिहून आलं, किंवा शून्य-एक्स-ए-५ हा कोड दिसला, तर विंडोज स्वतःच सांगतंय की या मशीनच्या यादीत घोळ आहे. अशा वेळी विंडोजची दुसरी आयएसओ डाउनलोड करत बसण्यात अर्थ नसतो. दहा वेळा डाउनलोड केली तरी यादी तीच राहणार.

एक नमुना तर हसावं की रडावं असा. २०१२ मध्ये मॅथ्यू गॅरेट या लिनक्स डेव्हलपरने लेनोवोच्या थिंकसेंटर एम९२पी या डेस्कटॉपचं फर्मवेअर तपासलं. फेडोरा इन्स्टॉल नीट व्हायचं, पण मशीन काही त्यावरून चालू होईना. शोधल्यावर कळलं की फर्मवेअर बूटच्या नोंदीचं नाव वाचतंय! नाव 'विंडोज बूट मॅनेजर' असेल किंवा 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स' असेल तरच पुढे जाऊ द्यायचं, असं कुणीतरी कोडमध्ये लिहून ठेवलं होतं. नियमाप्रमाणे ते नाव फक्त माणसाला वाचायला असतं, मशीनने त्यावरून काही ठरवायचं नसतं.

कुठे अडकलं ते आधी बघा

लोक विचारतात, "क्रॅश होतंय, काय करू?" यावर उत्तर देता येत नाही. नेमकं कोणत्या क्षणी अडकलं हे सांगितलं तर बऱ्याचदा देता येतं. म्हणून मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा. शक्य असेल तर व्हिडिओच करा, कारण काही ओळी क्षणभर दिसून जातात.

त्याआधी दोन कामं. आपला डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या. आणि विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून कागदावर उतरवून ठेवा. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये थोडाही हात लावला की विंडोज पुढच्या वेळी ही की मागू शकतं. ती नसेल तर फोटो, हिशेब, प्रोजेक्ट सगळं डिस्कवर असूनही हाती लागत नाही. लॅपटॉप दुसरा घेता येतो, हे नाही. त्यामुळे इथे आळस नको.

आता पहिला क्षण. पेनड्राइव्ह लावलाय, पण मेनूच येत नाही.

यात बहुतेकदा क्रॅश नसतो, ओळखच पटलेली नसते. पेनड्राइव्ह यूईएफआयसाठी बनवलाय आणि लॅपटॉप जुन्या म्हणजे लेगसी मोडवर आहे, किंवा याच्या उलट. रुफस वापरत असाल तर एमबीआर की जीपीटी असा पर्याय विचारतात तो याचसाठी. चालू करताना एफ २, एफ १०, एफ १२ किंवा डिलीट यापैकी जी की तुमच्या मशीनला लागते ती दाबून बूट मेनू उघडा. बऱ्याच मशीनवर एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एका नावाआधी यूईएफआय लिहिलेलं असतं. एकाने जमलं नाही तर दुसरा निवडा. मात्र विंडोज शेजारी ठेवून दुसरी सिस्टीम टाकायची असेल तर दोन्ही एकाच मोडमध्ये टाका. एक लेगसीत, दुसरी यूईएफआयमध्ये असं झालं की रोज सेटिंग बदलत बसावं लागतं.

सिक्युअर बूटचा अडथळाही इथेच येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुन्या, धोकादायक ठरलेल्या बूटलोडरांना बंदी घातली. ज्यांच्या मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होतं त्यातल्या अनेकांना दुसऱ्या दिवशी लिनक्सऐवजी एक संदेश दिसला : समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग. इतका घाबरवणारा संदेश लिहिणाऱ्याला नमस्कारच केला पाहिजे. मशीनला काही झालेलं नव्हतं. बूटलोडरची आवृत्ती जुनी होती, एवढंच. चार वर्षांपूर्वी मित्राने बनवून दिलेला पेनड्राइव्ह आज चालत नाही त्यामागे हेही कारण असू शकतं. ताजी आयएसओ घ्या. तरीही अडलं तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून बघा.

स्वस्तातले छोटे टॅबलेट आणि टू-इन-वन, २०१३-१४ चे, इंटेल ॲटम बे ट्रेल प्रोसेसरवाले, यांची तऱ्हा आणखी निराळी. प्रोसेसर ६४ बिटचा, पण फर्मवेअर ३२ बिटचं! नेहमीचा ६४ बिट पेनड्राइव्ह त्यांना दिसतच नाही. डेबियनने आठव्या आवृत्तीपासून या जोडीसाठी सोय केलीय, तिथे प्रयत्न करता येतो.

दुसरा क्षण. मेनू आला, एंटर दाबला, मग काळोख.

सगळ्यात जास्त लोक इथेच हरतात आणि उपाय मात्र इथेच सगळ्यात सोपा असतो. उबुंटूच्या मेनूत सेफ ग्राफिक्स आणि मिंटच्या मेनूत कॉम्पॅटिबिलिटी मोड असे पर्याय असतात, ते आधी निवडून बघा. नाही चाललं तर मेनूतल्या पहिल्या ओळीवर थांबून कीबोर्डवरची ई की दाबा. काही ओळी उघडतील. त्यात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी आणि बऱ्याचदा शेवटी क्वायट स्प्लॅश असे शब्द असलेली ओळ शोधा. ते दोन शब्द खोडून टाका, म्हणजे मशीन काय करतंय ते पडद्यावर ओळीने दिसेल. मग त्याच जागी नोमोडसेट हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एफ १० दाबा. याने कर्नल ग्राफिक्स कार्डाशी खेळायचं सोडून साधा डिस्प्ले वापरतो. जुन्या एनव्हिडिया कार्डवाल्या लॅपटॉपवर एवढ्याने काम होऊन जातं.

तरी अडकलं तर संशय यादीवर. नोमोडसेटच्या ऐवजी एसीपीआय, मग बरोबरचं चिन्ह, मग ऑफ, असं सलग लिहा. याचा अर्थ, व्यवस्थापकाची यादी घेऊच नको. यावर मशीन चालू झालं तर गुन्हेगार सापडला असं समजायला हरकत नाही. पण हा उपाय कायमचा नाही हं. यादीच नाही म्हटल्यावर बॅटरी दिसणार नाही, स्लीप चालणार नाही, पंख्याचं नियंत्रण बिघडू शकतं, कधी प्रोसेसरचा एकच कोअर चालतो. याचा उपयोग दोष कुठे आहे हे ओळखण्यापुरता. पुढे एसीपीआय चालू ठेवून फक्त 'विंडोज आहेस का'च्या उत्तरात बदल करणारे पर्याय आहेत, एसीपीआय-ओएसआय नावाचे. तुमच्या लॅपटॉपचं मॉडेल आणि हा शब्द एकत्र शोधलात तर तुमच्याआधी त्याच खड्ड्यात पडलेला कुणीतरी सापडतोच.

आणि घाबरू नका. या मेनूत लिहिलेलं त्या एका वेळेपुरतंच असतं. मशीन बंद केलं की सगळं पुसलं जातं.

तिसरा क्षण. सगळं छान चाललंय, पण इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही.

कंपनीने डिस्कचा कंट्रोलर रेड किंवा इंटेल आरएसटी मोडवर ठेवलेला असतो, तो एएचसीआयवर न्यावा लागतो. सेटिंग बदलायला दहा सेकंद लागतात. पण त्यानंतर जुनं विंडोज चालू करायला गेलात की निळी स्क्रीन : इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. लोकांना वाटतं डिस्क उडाली. उडालेली नसते. विंडोजने त्या मोडचा ड्रायव्हर सुरुवातीला चालू ठेवलेला नसतो, म्हणून त्याला स्वतःचंच घर सापडत नाही. मोड परत पहिल्यासारखा केला की विंडोज हजर. दोन्ही ठेवायचं असेल तर क्रम असा : आधी विंडोजला एमएसकॉन्फिगमधून पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उघडायला सांगा, रिस्टार्ट करताना फर्मवेअरमध्ये जाऊन मोड बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, मग सेफ मोडची खूण काढा. सेफ मोडमध्ये तो ड्रायव्हर चालू होतो आणि पुढे तसाच राहतो.

चौथा क्षण. इन्स्टॉल पूर्ण झालं, अभिनंदनही आलं. रिस्टार्ट केल्यावर थेट जुनं विंडोज, नाहीतर नो बूटेबल डिव्हाइस. हा एम९२पीचाच भाऊबंद. काही जुनी फर्मवेअर नव्या नोंदीकडे लक्षच देत नाहीत, ठरलेल्या फोल्डरमध्ये विंडोजची फाइल आहे का तेवढंच बघतात. फर्मवेअरमध्ये बूटचा क्रम बदलून बघा. काही मशीनमध्ये बूटलोडरची फाइल स्वतः निवडून तिला विश्वासू ठरवायचा पर्याय असतो, तोही बघा.

दर वेळी वेगळ्याच ठिकाणी क्रॅश होत असेल तर मात्र फर्मवेअरला सोडा आणि रॅम तपासा. मेमटेस्ट नावाचा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालू ठेवा. यादीतली चूक बहुतेकदा त्याच जागी अडवते, खराब रॅम कुठेही पाडते.

अजून एक. कोअर टू डुओ काळातल्या मशीनवर युक्त्या करून विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती टाकायला गेलात आणि मशीन सारखं रिस्टार्ट होत राहिलं, तर कोणतंही सेटिंग कामाला येणार नाही. या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना लागतात. त्या तिथे नाहीतच.

इन्स्टॉल करताना लॅपटॉप खरंच मरू शकतो का?

ही भीती अगदीच खोटी नाही. तसं घडलेलं आहे.

जानेवारी २०१३ मध्ये सॅमसंगच्या काही लॅपटॉपवर उबुंटू यूईएफआय मोडमध्ये नुसतं चालू करून बघितलं आणि लॅपटॉप कायमचा बंद पडला, अशा तक्रारी आल्या. सुरुवातीला सगळा दोष लिनक्समधल्या सॅमसंगसाठीच्या ड्रायव्हरवर गेला. नंतर खोलात गेल्यावर कळलं की फर्मवेअरच्या चिपमध्ये सेटिंग साठवायची जी थोडीशी जागा असते ती बरीचशी भरली की हे फर्मवेअर पुन्हा उठतच नाही. क्रॅशची माहिती कर्नल तिथेच लिहून ठेवत होता. वर उल्लेख केलेल्या गॅरेटनेच पुढच्या महिन्यात दाखवलं की तीच जागा विंडोजमधून एका साध्या प्रोग्रामने भरली तरीही लॅपटॉप मरतो. दुरुस्ती मात्र लिनक्सलाच करावी लागली. तिथे लिहायच्या आधी जागा पुरेशी आहे ना, हे कर्नल तपासायला लागला.

२०१६ मध्ये एमएसआयच्या एका लॅपटॉपवर कुणीतरी लिनक्समधून सगळ्या फाइल पुसायची कमांड चालवली. लिनक्स फर्मवेअरची सेटिंगही फाइलसारखीच दाखवतं, त्यामुळे तीही पुसली गेली. नियमाप्रमाणे सेटिंग गायब झाली तर फर्मवेअरने मूळ सेटिंग वापरून उठायला हवं. हे उठलं नाही. त्यानंतर लिनक्सने या फाइलींना जादा कुलूप लावलं.

डिसेंबर २०१७ चं प्रकरण मात्र सरळ उबुंटूच्या अंगावर आलं. १७.१० या आवृत्तीत फर्मवेअरच्या चिपशी बोलणारा इंटेलचा एक ड्रायव्हर चालू राहिला. लेनोवोच्या बऱ्याच आणि इतर काही कंपन्यांच्या लॅपटॉपवर बायोसची सेटिंग सेव्हच होईनात, काहींवर पेनड्राइव्हवरून बूट होणं बंद पडलं. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने डाउनलोड मागे घेतलं, जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त आवृत्ती दिली आणि अडकलेली अनेक मशीन दुरुस्त कर्नल चालवून ठीकही झाली.

ही तीनही प्रकरणं त्या त्या वेळीच दुरुस्त झालीत. पण यातून एक कामाची गोष्ट हाती लागते : जुन्या मशीनवर जुनी आयएसओ टाकू नका. "जुना लॅपटॉप आहे, जुनं उबुंटूच हलकं चालेल" हा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरत असतो. हलकंच हवं असेल तर मिंटची एक्सएफसीई किंवा लुबुंटू घ्या, पण चालू असलेल्या आवृत्तीचं.

मग बायोस अपडेट करून टाकू का?

यादीच चुकीची असेल तर खरा उपाय नवी यादी, म्हणजे फर्मवेअरचं अपडेट. कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलच्या पानावर ते असतं. दहा वर्षं जुन्या लॅपटॉपचंही शेवटचं अपडेट तिथे पडलेलं असू शकतं आणि आपण ते कधी टाकलेलंच नसतं. अडचण अशी की यातली बरीच अपडेट विंडोजमधूनच चालतात. म्हणून विंडोज पुसायच्या आधी हे काम उरका. नंतर आठवलं तर उगाच द्राविडी प्राणायाम.

वरच्या सगळ्या खटपटीत एकच पाऊल खरं धोक्याचं आहे आणि ते हेच. सेटिंग चुकलं तर परत फिरवता येतं. अपडेट चालू असताना वीज गेली तर चिपमध्ये अर्धा जुना आणि अर्धा नवा कोड राहतो आणि व्यवस्थापक कुलूप उघडायलाच येत नाही. जिथे लोडशेडिंगचा भरवसा नाही तिथे चार्जर लावलेला आणि बॅटरीही चांगली भरलेली, दोन्ही हवं. बॅटरी मेलेली असेल तर अनेक लॅपटॉप अपडेट करायलाच नकार देतात. त्यावर तोडगा शोधू नका, तो नकार तुमच्या भल्याचा आहे. मॉडेल नंबर लॅपटॉपच्या पाठीवरून अक्षर न् अक्षर जुळवा. एकाच नावाच्या मालिकेत तीन वेगळे मदरबोर्ड असतात. आणि सगळं सुरळीत चालत असेल तर केवळ हौस म्हणून अपडेट करू नका.

यातूनही मशीन मेलंच तर "मदरबोर्ड गेला" हे वाक्य लगेच मान्य करू नका. फर्मवेअरची चिप बऱ्याचदा आठ पायांची, नखाएवढी असते. तिला बाहेरून प्रोग्रामर जोडून नवा कोड लिहिता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या शहरातल्या लॅपटॉप दुरुस्तीच्या गल्लीत चिपवर काम करणारा माणूस शोधा आणि "बायोस प्रोग्रामिंग करता का?" असं नेमकं विचारा. ज्या दुकानात फक्त पार्ट बदलतात तिथे हे होणार नाही.

दुकानात जाण्याआधी मात्र एका स्वस्त वस्तूवर संशय घ्या. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, बहुतेक वेळा सीआर २०३२. आठ-दहा वर्षांच्या मशीनमध्ये तो संपलेला असतो. चालू करताना तारीख दर वेळी जुनीच दिसते ही त्याची खूण. सेल संपला की बऱ्याच जुन्या मशीनवर चार्जर काढून ठेवल्यावर सेटिंगही मूळ जागी जातात. म्हणजे काल एएचसीआय केलेलं आज परत रेड, काल यूईएफआय केलेलं आज परत लेगसी आणि कालच टाकलेली सिस्टीम आज चालू होत नाही. तारीख चुकल्यामुळे इंटरनेटवर सुरक्षित साइट उघडत नाहीत, इन्स्टॉलर अपडेट डाउनलोड करताना अडतो तेही निराळंच. डेस्कटॉपमध्ये हा सेल नखाने निघतो. लॅपटॉपमध्ये कधी तो वायर लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असतो आणि मागचं झाकण उघडावं लागतं. नवा बसवला की फर्मवेअरमध्ये जाऊन तारीख, बूटचा मोड आणि डिस्कचा मोड या तीन गोष्टी लावा, सेव्ह करा, चार्जर काढून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करून त्या तशाच राहिल्यात का बघा. राहिल्या असतील तर आता पेनड्राइव्ह लावा.